काळू नदी न ओलांडलेला क्रूस

इनास मुकादमाने माझ्या आईला फसवलं. तो शहापूरचा, आम्ही मुरबाडचे. त्याने क्रूसावर हात ठेवून शब्द दिला आणि तो मोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हातारा माणूस आठवणी सांगायला बसला की ऐकणारे फुलांच्या वासात आणि जुन्या गाण्यांत रमतात, आणि मुद्दा बाजूला राहतो. माझा मुद्दा बाजूला राहायला नको.

उपवासकाळ लागायच्या आधी, भाचीच्या मुलीच्या लग्नासाठी शहापूरला गेलो होतो. मिस्सा संपली, मंडळी फोटोसाठी बाहेर गेली, आणि मी वेदीच्या मागच्या भिंतीजवळ गेलो. क्रूस तिथेच आहे. त्याला व्हार्निश लावलंय, इतकं की खिडकीचा उजेड त्यात दिसतो. आडव्या लाकडाच्या दोन्ही टोकांना भोकं होती, ती लांबीचा लगदा भरून बुजवलीत. खालच्या टोकाला, जिथे वर्षानुवर्षं माणसांनी ओठ टेकवून लाकूड गुळगुळीत केलं होतं, तिथे आता पितळेची पट्टी आहे. मी हात लावायला गेलो, तर देवळाची झाडलोट करणारा माणूस म्हणाला, "आजोबा, हात नका लावू, डाग पडतात."

ज्या लाकडाने माझ्या खांद्याला घट्टा पाडला त्याला माझ्या हाताने डाग पडतात.

व्हार्निशचा वास नाकात गेला आणि खरा वास आठवेना. तिथेच उभा राहून मी धडपडत तो आठवत होतो. बैलाच्या घामाचा, खोबरेल तेलाचा, आणि खाली खोल कुठेतरी वंगणाचा. कारण तो क्रूस होण्याआधी गाडी होता. माझ्या बापाची गाडी.

आमची वाडी मुरबाडच्या बाहेर, कोळशाच्या भट्ट्यांच्या रानात होती. वसईकडची काही ख्रिस्ती कुटुंबं कुणा ठेकेदाराने भट्ट्या लावायला तिथे आणली होती. ठेकेदार गेला, कुटुंबं राहिली. बाप कोळसा वाहायचा. घाटाखालच्या उतारावर ती गाडी कशी कलंडली ते मी सांगत बसत नाही. मी तेव्हा मिशी न फुटलेला पोरगा होतो. बापाला आणलं, मग गाडीचे तुकडे आणले, आणि ते तुकडे कुडाला टेकवून ठेवले. पाऊसभर ते तिथेच होते. आई त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

दिवाळी सरल्यावर तिने सिमांवला बोलावलं. हा आमचा शेजारी, भट्टीवर लाकडं रचायचा, हातात थोडी सुतारकी होती. आईने गाडीची दांडी आणि जू दाखवलं. "क्रूस कर," एवढंच म्हणाली. दांडी उभी, जू आडवं. जुवाच्या टोकांना बैलाच्या मानेजवळच्या खुंट्यांची भोकं असतात. सिमांव ती बुजवायला निघाला तर आई म्हणाली, "राहू दे. खिळे तिथंच मारले असतील."

क्रूस झाला, पण तिने तो घरात ठेवला नाही. "हा घरात राहिला तर मी त्याच्याकडंच बघत बसेन," ती म्हणाली. "गाडीचं लाकूड हाय. चालू दे त्याला."

त्यातून आमचा उपवासकाळ निघाला. आमच्याकडे ना देऊळ, ना पाद्रीबाबा. ते वर्षातून एखादी फेरी मारायचे, तीही आगगाडीला जवळ म्हणून शहापूरला. शहापूरकडे रेल्वेवर काम करणारी आपली काही घरं होती, आटगावपर्यंत पसरलेली. देवळात क्रूसाची वाट करायची तर भिंतीवर चौदा चित्रं लागतात. आमच्याकडे भिंतच नव्हती. आई म्हणाली, वाट म्हणजे वाट. राखेच्या बुधवारी क्रूस एका टोकाहून निघायचा आणि दर शुक्रवारी खांद्यावरून पुढच्या घरी जायचा. आठवडाभर त्या घरच्या पडवीत राहायचा. पवित्र शुक्रवारी दुसऱ्या टोकाला पोचायचा. एका वर्षी शहापूरहून मुरबाड, पुढच्या वर्षी मुरबाडहून शहापूर. मधे आपली घरं कमी, म्हणून कुणब्याच्या, ठाकराच्या पडवीतही तो राहायचा. कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

ते दिवस राब भाजायचे. भाताच्या रोपासाठी शेताच्या कोपऱ्यात शेण-पालापाचोळा पसरून जाळायचे, आणि सगळ्या मुलखावर निळसर धूर रेंगाळायचा. आम्ही क्रूस घेऊन चाललो की दोन्ही अंगांना काळ्या राखेच्या चौकटी. पळस पेटलेला, मोहाची फुलं पायाखाली चिकट, त्यांचा तो गोड, किंचित आंबलेला वास. पलीकडच्या पाड्यावर शिमग्याचे ढोल वाजायचे आणि आमच्या पुढे लाकडी खटखटा. त्या दिवसांत आम्ही घंटा वाजवत नसू, म्हणून सिमांवने दोन फळ्यांचा खटखटा केला होता. त्याचा आवाज कोरडा, खट्-खट्, खट्-खट्. तो ऐकला की वाटेवरच्या बायका चुलीवरून उठून दारात यायच्या.

काळू नदीच्या अलीकडे गोमाबाबा ठाकराचं घर होतं. शहापूरहून येताना अलीकडे, मुरबाडहून पाहिलं तर पलीकडे. त्याची बायको क्रूसापुढे नाचणीची भाकर ठेवायची. पहिल्या वर्षी आई तिला म्हणाली, "बाय, आमचा उपास हाय." ती म्हणाली, "तुमचा असंल. पाव्हण्याचा थोडाच हाय? आमच्या पडवीत कोण उपाशी निजत नाय." मग ती भाकर वाटेवरच्या गुराख्यांना द्यायचा रिवाज पडला.

गोमाबाबा क्रूसाकडे बोट करून विचारायचा, "हा एका जागी का नाय बसत गो?"

"बसला तर आपण पण बसू," आई म्हणायची.

"बरोबर हाय. बसलेल्या लाकडाला वाळवी लागतंय."

मला त्या सगळ्यात वैताग असायचा. मी तोवर धंद्याला लागलो होतो. कल्याणहून सुकी मासळी आणायची, कावडीने पाड्यापाड्यावर न्यायची, बदल्यात भात आणि हिरडा घ्यायचा. बोंबील आणि जवळ्याचा वास माझ्या अंगाला इतका बसला होता की कुत्री पाठ सोडत नसत. बाप गेल्यावर घर त्याच कावडीवर चाललं. कुणी मला काही दिलं नाही. जे मिळवलं ते तोंडाने मिळवलं. पसाभर जवळ्यासाठी मी अर्धा दिवस भांडायचो. एकदा एका बाईने भातात कोंडा मिसळला म्हणून सगळी टोपली तिच्या अंगणात उलटी करून निघून आलो होतो, आणि मग जवळा वेचायला परत गेलो होतो, शिव्या देत देत.

एका राखेच्या बुधवारी आई अंगणात तवा घेऊन बसली होती. आमच्याकडे नारळ-माडाच्या झावळ्या नाहीत, पवित्र शुक्रवाराच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही शिंदीच्या वापरायचो. त्याच वर्षभर आढ्याला खोचून ठेवायच्या आणि त्यांची राख करायची. वाडीतली माणसं जमली. आई अंगठ्याने एकेकाच्या कपाळाला राख लावायची आणि विचारायची, "यंदा काय सोडणार?"

सिमांव म्हणाला, "मी मटण सोडतो."

"मेल्या, मटण शेवटचं कधी खाल्लंस?"

"नाताळात. म्हंजे रश्श्याचा वास आला होता."

सगळे हसले. आई हसली नाही. "जे पानात नाय ते सोडून देवाला काय दाखवणार? आपलं अर्धं वरीस उपाशीच जातं. त्याला उपास म्हणत नाय, त्याला गरिबी म्हणतात. जे तुझ्याकडं भरपूर हाय, त्यातलं सोड."

सिमांवने डोकं खाजवलं. मग खाली बघून म्हणाला, "मग रोजाला मारायचं सोडतो."

रोजामावशी, त्याची बायको, पाठीमागेच उभी होती. "चाळीस दिवसच ना? म्हंजे पास्काच्या दिवशी व्याजासकट देशील."

पुन्हा हसू उसळलं, पण सिमांवचे कान लाल झाले. पास्काचा, प्रभू उठल्याचा सण झाला, पाऊस आला, आणि त्यांच्या घरातून ओरडण्याचा आवाज काही आला नाही. मला वाटतं आमच्या वाडीत जर काही चमत्कार झाला असेल तर तो हाच, आणि त्याला ना मेणबत्ती लागली ना पाद्री. विहिरीवर पहिला नंबर दुसरीला द्यायचा, असं दोघी बायकांनी ठरवलं, तर त्या दोघी एकमेकींना "तू भर, तू भर" करत ऊन चढेपर्यंत उभ्या राहिल्या. हेही आमच्या उपवासकाळातलंच.

मग आई माझ्याकडे वळली. "तू जीभ सोड."

"म्हणजे?"

"घासाघीस नाय. समोरचा बोलेल ते हो. एका शब्दावर दुसरा शब्द काढायचा नाय."

"आई, आपण खाणार काय?"

"चाळीस दिवस मी कमी खाईन."

"रविवार तर उपवासात धरत नाहीत. रविवारी तरी—"

"हा बघा. कपाळावरची राख सुकली नाय आन् सौदा सुरू झाला."

अख्खी वाडी हसली. मी हो म्हणालो. त्यानंतर दरवर्षी माझं तेच व्रत. पाड्यांवर ते पसरायला वेळ लागला नाही. बायका वाटच बघत असायच्या. "ये रे मासळीवाल्या, आज तुला बोलता येत नाय ना? एवढ्या भातात केवढा जवळा देशील?" आणि मोठ्ठं सूप पुढे करायच्या. मी दात आवळून ओतायचो. पण खरं सांगायचं तर, त्यातल्याच काही जणी शेवटी दोन मुठी जवळा परत कावडीत टाकायच्या. माणूस भांडेनासा झाला की समोरच्याला आपलं आपण मोजावं लागतं. हे मला तेव्हा पटलं होतं, आणि बरंच पुढेपर्यंत मी ते सगळ्या माणसांना लागू करत होतो. तिथेच फसलो.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या वर्षांची गोष्ट. धान्याची टंचाई होती, सरकारी लेव्हीचे लोक सक्तीने भात न्यायचे, आणि माझी आई आजारी होती. तिच्या पायांवर सूज होती, बोट दाबलं की खड्डा राहायचा. थोडं बोलली की धाप लागायची. त्या वर्षी क्रूस शहापूरहून निघून मुरबाडला यायचा होता. म्हणजे पवित्र शुक्रवारी आमच्या वाडीत, तिच्या अंगणात. बुधवारी तिने राख लावली ती खाटेवर बसून.

"पोचला की पायाला तोंड लावते," ती म्हणाली, "मग मी जायला मोकळी."

"असं बोलू नको."

"तुला बोलायचं नाय, चाळीस दिवस."

मी दर शुक्रवारी क्रूस कुठपर्यंत आला ते बघायला जायचो आणि परत येऊन तिला सांगायचो. ती डोळे मिटून ऐकायची, जणू बापाची गाडी येतेय आणि तो आता कुठल्या ओढ्यात बैलांना पाणी पाजतोय हे ती बघतेय. "आता किन्हवली मागं पडली असंल." "आता उतार लागला असंल, हळू आणा म्हणावं." मला काळजी वाटायची. तिचा श्वास आणि क्रूसाची चाल, या दोन्हींकडे मी एकाच वेळी लक्ष ठेवून होतो, आणि कोण आधी पोचतंय याची मनात धास्ती होती.

झावळ्यांच्या रविवाराच्या आधीच्या शुक्रवारी क्रूस गोमाबाबाच्या पडवीत होता. आता फक्त नदी ओलांडायची आणि एक मुक्काम. मी गेलो तर तिथे इनास मुकादम बसलेला. रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या टोळीवरचा मुकादम, शहापूरकडच्या आपल्या लोकांचा म्होरक्या. डोक्यावर टोपी, कपड्यांना तेलाचा आणि दगडी कोळशाचा वास. सोबत त्याची दोन माणसं आणि एक दोर.

"बरा आलास," तो म्हणाला. "यंदा पवित्र आठवड्यात पाद्रीबाबा शहापूरला येतायत. रविवारी झावळ्यांची मिस्सा आहे. त्यांना दाखवायला क्रूस परत नेतो."

"यंदा मुरबाडची पाळी."

"पाळी कुणी नाय म्हणतंय? रविवारी दाखवतो, आणि शुक्रवारी तुझ्या अंगणात आणून उभा करतो. सरळ रस्त्याने आणतो, मुक्काम न करता."

"आई आजारी आहे."

"म्हणूनच सांगतो ना! पाद्रीबाबांच्या हातचा आशीर्वाद लागून येईल." मग तो हसला. "आणि तू कशाला वाद घालतोस? तुझा तर उपास आहे म्हणे. हो म्हणायचं असतं ना तुला?"

गोमाबाबा खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "बोल रे. एरवी पसाभर जवळ्याला गाव डोक्यावर घेतोस."

मी बोललो नाही. आईने माझी जीभ बांधली होती आणि आईसाठीच मला ती मोकळी करायची होती. पडवीत उभा राहून मी या दोन गोष्टींमध्ये सापडलो होतो. बाहेर राबाचा धूर खाली बसत होता. शेवटी एवढंच विचारलं, "शुक्रवारी कधी?"

इनास मुकादमाने जुवाच्या भोकावर तळवा ठेवला. "सूर्य डोक्यावर यायच्या आत. या लाकडाची आण."

त्यांनी क्रूसाला दोर बांधला. आजवर कुणी त्याला दोर बांधला नव्हता. ते शहापूरच्या वाटेला लागले, आणि गोमाबाबाची बायको आतून भाकर घेऊन आली तेव्हा पडवी रिकामी होती.

पवित्र शुक्रवार उजाडला. आम्ही आईची खाट अंगणात आणली, तोंड रस्त्याकडे. रोजामावशीने अंगण सारवलं होतं, शेणाचा ओला वास होता. सिमांवने क्रूस उभा करायला खड्डा खणून ठेवला आणि त्यात पानं टाकून ठेवली, किडे शिरू नयेत म्हणून. वाडी उपाशी होती, कुणी चूल पेटवली नव्हती. धुराविना ती वाडी ओळखू येत नव्हती. सगळे हलक्या आवाजात बोलत होते आणि रस्त्याकडे बघत होते.

"ऐक," आई एकदम म्हणाली. "खटखटा."

आम्ही सगळ्यांनी कान दिला. खट्-खट्. खट्-खट्. सिमांव धावत वळणापर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याची मान खाली होती. आंब्याच्या वाळक्या फांदीवर सुतार पक्षी होता.

सूर्य डोक्यावर आला. सावल्या पायात गेल्या. मी तिच्या डोक्यावर शिंदीची झावळी धरून उभा होतो. ती डोळे मिटत नव्हती. सूर्य कलला. ज्या वेळी प्रभूने प्राण सोडला म्हणतात ती वेळ झाली, सगळे गुडघ्यावर आले आणि रोजामावशीने रडत रडत प्रार्थना म्हटली, समोर नुसता खड्डा. मला उभं राहवेना. मी नदीपर्यंत धावलो. काळूचं पाणी घोट्याएवढं होतं, दगड तापलेले. पलीकडे गोमाबाबा त्याच्या अंगणात डोळ्यांवर हात धरून उभा होता, शहापूरच्या वाटेकडे बघत.

"आला?" मी ओरडलो.

"नाय रे," तो म्हणाला. "मी पण सकाळपासून हितंच हाय."

परत आलो तेव्हा आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं नाही. संध्याकाळी तिला आत घेतलं. म्हणाली, "मग मी थांबते."

पास्काच्या सकाळी रोजामावशी तांदळाची खीर घेऊन आली. गूळ कुठून मिळवला होता देव जाणे. आईने वाटी बाजूला सारली.

"उपास सुटला ना आता," रोजामावशी म्हणाली. "प्रभू उठला."

"तुमचा उठला असंल. माझा शुक्रवार अजून झाला नाय."

आम्हाला वाटलं ती रुसलीय. ती रुसली नव्हती. तिने दिवसातून एकदाच पेज घ्यायचं चालू ठेवलं. कपाळाला रोज सकाळी चिमूटभर राख. वाडीत आल्लेलुया म्हटलं गेलं, लोकांनी कोंबडी कापली, शेजारचे राब भाजून झाले, आंबे उतरले, आणि आमच्या घरात उपवासकाळ चालूच. मी तिला विनवलं, रागावलो. "आई, असा नियम नाही." ती म्हणायची, "तू बोलतोयस." आणि मी गप्प. कारण तिच्या लेखी माझंही व्रत सुटलं नव्हतं.

मी शहापूरला गेलो. नुसता चालत गेलो, कावड न घेता. रेल्वेच्या क्वार्टरांमागे त्यांनी नवं छोटं देऊळ उभारलं होतं, चुन्याचा वास अजून ओला होता, आणि वेदीमागच्या भिंतीत क्रूस चिणून टाकला होता. मागची बाजू सिमेंटात. इनास मुकादम बाहेर येऊन उभा राहिला.

"पाद्रीबाबांना फार आवडला," तो म्हणाला. "म्हणाले, इथेच राहू दे."

"तो आमचा आहे, हे त्यांना सांगितलंत?"

"आपला सगळ्यांचाच ना? मी म्हटलं, आपल्या लोकांनी केलाय."

"आई थांबलीय," मी म्हणालो. "एक दिवस द्या. मी खांद्यावर नेतो, खांद्यावर परत आणतो."

"आता काढला तर भिंत पडेल रे."

मी त्याच्या गळ्याला हात घालू शकलो असतो. माझे हात तसे होते, माझा स्वभाव तसाच होता, आणि सगळ्या मुरबाड तालुक्याला ते माहीत होतं. पण घरी ती खाटेवर राख लावून बसली होती आणि तिला दिलेला शब्द मी पाळत होतो. मी वळलो. मागून तो म्हणाला, "आईला माझा नमस्कार सांग." तो नमस्कार मी सांगितला नाही.

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. भिंतीचं, सिमेंटाचं. तिने एकच विचारलं, "उन्हात हाय की सावलीत?"

"सावलीत."

"बरं. पण बसवला त्याला."

पावसाच्या तोंडाशी ती गेली. हवा कोंडलेली होती, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढत होत्या. तिचं कपाळ आम्ही पुसलं नाही. राख तशीच ठेवून तिला पुरलं, कारण पुसायचं धाडस कुणाला झालं नाही. सिमांवने कबरीवर लावायला दोन काटक्या बांधल्या.

तिला माती दिल्यावर माझी जीभ सुटली. दुसऱ्याच दिवशी शहापूर गाठलं. पण इनास मुकादमाची बदली झाली होती, घाटाच्या वर कुठेतरी. त्याच्या क्वार्टरमध्ये दुसरं बिऱ्हाड होतं, आणि दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर इतका ओरडलो की शेवटी तिने मला पाणी दिलं. तो तिकडेच मेला, असं पुढे कळलं. मी नंतर पैसा केला, वखार घातली, शहापूरच्याच बाजारात दोन दुकानं घेतली, आणि ज्यांच्याशी सौदा केला त्यांना सळो की पळो केलं. लोक म्हणत, हा माणूस रागातच जन्मला. पण त्या क्रूसाच्या बदल्यात जे घ्यायचं होतं, ते अजून मिळालेलं नाही.

परवाच्या लग्नात जेवणावर इनास मुकादमाचा नातू माझ्या शेजारी बसला होता. भला माणूस आहे, देवळाच्या कमिटीवर आहे. पाहुण्यांना सांगत होता, "तो क्रूस आमच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने घडवलेला आहे." मी ताट बाजूला सारून त्याला सगळं सांगितलं. गाडी, जू, नदी, खाट. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आजोबा, किती जुनी गोष्ट. देव तर सगळ्यांचाच. आता कशाला?" आणि लगेच म्हणाला, "यंदा उपवासकाळ अर्थपूर्ण कसा पाळायचा, यावर तरुणांसाठी चार शब्द लिहून द्या ना. तुमच्या वेळच्या प्रथा वगैरे."

हे ते चार शब्द. मटण सोडू नका, चहा सोडू नका, त्याने काही होत नाही. आमच्या वाडीने देवाला जे दिलं ते आपल्याकडे भरपूर असलेल्यातून दिलं. सिमांवने हात दिला, मी जीभ दिली, आईने नवऱ्याची गाडी दिली. आणि इनास मुकादमाच्या नातवाला सांगतो, तुमच्या घराण्याकडे भरपूर काय आहे ते तुम्हीच बघा. मला वाटतं, गप्प बसणं भरपूर आहे. ते सोडा.

भिंत फोडा असं मी म्हणत नाही. येत्या पवित्र शुक्रवारी, सूर्य डोक्यावर यायच्या आत, इनास मुकादमाच्या घरातल्या कुणीतरी काळू ओलांडून मुरबाडला यावं आणि माझ्या आईच्या मातीपाशी उभं राहावं. माझ्यासमोर नाही, तिच्यासमोर. ती अजून उपाशी आहे. तिचा शुक्रवार कधी आणणार, ते तिला सांगा.